हॉकीच्या स्केटमुळे पाऊल आणि घोटा दुखतो तेव्हा: आधी काय पाहावे, नंतर काय करावे

बर्फावरच्या हॉकीचे स्केट, म्हणजे तळाला पोलादी पाते असलेले बूट, घालून पाय दुखू लागला की बहुतेक जण एकाच वाटेने जातात. आधी नाड्या आणखी करकचून आवळतात, त्याने भागले नाही की दुखऱ्या जागी जेलची गादी कोंबतात, आणि तीही निकामी ठरली की पुढच्या वेळी अर्धा नंबर मोठा स्केट घेतात. या तिन्ही उपायांनी दुखणे बहुधा वाढतेच, कारण क्रम उलटा असतो. आधी माप, मग पाते, मोजे, नाड्या, बुटाला पायाचा आकार देणे आणि अगदी शेवटी गादी, असा खरा क्रम आहे. कॅनडातल्या ब्रॅम्प्टनमध्ये मुलाच्या सरावाच्या वेळी काचेआड कॉफी पीत बसण्याचा कंटाळा येऊन मी स्वतः एकेचाळिसाव्या वर्षी स्केट चढवले आणि पहिला सबंध हिवाळा हा क्रम उलटा चालवण्यात घालवला. त्यामुळे पुढे सांगितलेल्या बऱ्याच चुका माझ्या पायांनी भोगलेल्या आहेत.

भाड्याने मिळणाऱ्या स्केटवरून मात्र कोणताही निष्कर्ष काढू नये. ते शेकडो पायांनी सैल झालेले असतात आणि त्यांच्या धारेचा भरवसा नसतो. पुढचे सर्व टप्पे स्वतःच्या जोडाला लागू आहेत.

## टप्पा १: दुखते कुठे आणि केव्हा, ते लिहून काढावे

"पाय दुखतो" एवढ्या माहितीवर दुकानदारही काही करू शकत नाही आणि डॉक्टरही. बर्फावरून उतरल्याबरोबर स्केट आणि मोजे काढून पाऊल उजेडात नीट पाहावे. लालसर चट्टा, नाडीच्या फुल्यांची कातडीवर उमटलेली जाळी, पांढरी पडलेली बोटे, फोड यांपैकी जे दिसेल त्याभोवती बॉलपेनने गोल काढून फोटो घ्यावा, कारण यांतल्या बऱ्याच खुणा थोड्याच वेळात पुसट होतात. दुखणे किती मिनिटांनी सुरू झाले, नाड्या सोडताच थांबले की रेंगाळले, आणि दोन्ही पाय दुखले की एकच, हेही सोबत लिहावे.

जागेवरून कारणाचा बराच अंदाज येतो. घोट्याच्या पुढे, पाऊल आणि नडगी जिथे मिळतात त्या घडीत दुखत असेल, तर तिथून बोटांकडे जाणाऱ्या कंडरा बुटाच्या जिभेखाली आणि नाडीखाली चेपल्या जात आहेत. हॉकी खेळणारे यालाच लेस बाइट म्हणतात. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या टोकावर दुखत असेल, तर बुटातला तिथला खळगा तुमच्या हाडाच्या जागी येत नाही. टाचेच्या मागे वरच्या बाजूला टणक टेंगूळ वाढू लागले असेल, तर टाच पावलागणिक वर उचलली जाऊन घासते आहे. चवड्याची कड, विशेषतः करंगळीच्या मुळाचा सांधा दुखणे म्हणजे बुटाची रुंदी अपुरी असणे. तळव्याच्या कमानीत पेटके येणे हे सर्वांत फसवे लक्षण होय, कारण ते घट्ट बुटातही येतात आणि सैल बुटातही. सैल बुटात पाऊल सावरण्यासाठी बोटे नकळत तळाला पकडून राहतात आणि दहा मिनिटांत तळवा आखडतो.

तपासणी: एकच पाय दुखत असेल तर माप पाहण्याआधी त्या स्केटचे पाते पाहावे, म्हणजे थेट टप्पा ३ वर जावे.

## टप्पा २: माप पुन्हा घ्यावे, चपलेचा नंबर विसरावा

निम्म्याहून अधिक दुखणी इथेच सुटतात, असे माझे मत आहे. हॉकीचा स्केट रोजच्या बुटापेक्षा साधारण एक ते दीड नंबर लहान लागतो. भारतातून आलेल्यांची यात आणखी एक गल्लत होते. आपल्याकडच्या बुटावरचा ८ हा आकडा बहुधा ब्रिटिश मापाचा असतो. पुरुषांच्या बुटांत तो कॅनडा-अमेरिकेत साधारण ९ होतो, आणि स्केट मात्र ७.५ किंवा ८ नंबरचा बसतो. मी पहिला जोड ९ नंबरचा मागितला आणि "थोडा सैल बरा" असे स्वतःला समजावत घरी आणला.

माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाऊल किंचित सुजते. खेळताना जे मोजे घालणार तेच घालून, उभे राहून, दोन्ही पायांचे माप घ्यावे. लांबीइतकीच रुंदी आणि पावलाची उंची महत्त्वाची असते. जुन्या पद्धतीत डी म्हणजे नेहमीची आणि ईई म्हणजे रुंद अशी अक्षरे असतात. बॉअर ही स्केट बनवणारी कंपनी अलीकडे फिट १, २ आणि ३ असे आकडे देते, त्यांत १ सर्वांत अरुंद आणि ३ सर्वांत ऐसपैस असतो, तर सीसीएम ही दुसरी कंपनी टेपर्ड (अरुंद), रेग्युलर आणि वाइड असे शब्द वापरते. चवडा पसरट आणि टाच मात्र बारीक, अशी पावले आपल्या लोकांत मी पुष्कळ पाहिली आहेत. अशांनी लांबी वाढवून रुंदी मिळवण्याचा मोह टाळावा.

नंतर पुढील चार परीक्षा याच क्रमाने कराव्यात.

१. नाड्या पूर्ण सैल करून पाऊल पुढे सरकवावे, बोटे बुटाच्या टोकाशी असलेल्या कडक टोपीला टेकवावीत आणि टाचेमागे बोट घालून पाहावे. एका बोटाहून जास्त जागा असेल तर स्केट मोठा आहे.

२. टाच मागे घट्ट बसवावी, नाड्या न आवळता जीभ पुढे ओढावी आणि वरून तिसऱ्या छिद्रांच्या जोडीवर पेन्सिल आडवी ठेवावी. पेन्सिल दोन्ही कडांवर टेकण्याऐवजी पावलावर अडत असेल, तर बूट तुमच्या पावलासाठी उथळ आहे. असा बूट कितीही महाग असला तरी त्यात लेस बाइट होण्याची शक्यता मोठी असते.

३. नाड्या बांधून ताठ उभे राहावे. बोटांची टोके टोपीला हलकेच लागली पाहिजेत, आणि गुडघे वाकवून पुढे झुकल्यावर ती किंचित मागे आली पाहिजेत. वाकल्यावरही बोटे दुमडलेलीच राहत असतील तर स्केट लहान आहे.

४. वाकलेल्याच स्थितीत टाच उचलण्याचा प्रयत्न करावा. ती हलता कामा नये.

नेहमीची चूक: शाळेचा गणवेश जसा वाढत्या अंगाचा शिवतात, तसे मुलांचे स्केट वाढत्या मापाचे घेतले जातात. अर्ध्या नंबरापलीकडे ही काटकसर करू नये. घोटे आत झुकलेले मूल दिसले की "त्याचे घोटेच कमकुवत आहेत" असा निकाल पालक देतात, पण पुष्कळदा दोष दीड नंबर मोठ्या बुटाचा असतो.

वापरलेले स्केट घेण्यात काही गैर नाही. फक्त आतला सुटा तळ बाहेर काढून त्यावर उभे राहावे आणि आधीच्या मालकाच्या बोटांचे ठसे तुमच्या बोटांखाली येतात का ते पाहावे.

## टप्पा ३: पाते आणि धार

पात्याच्या दोन्ही कडा सारख्या उंचीच्या नसतील तर स्केट एका बाजूला कलतो, आणि तो कल सावरण्याचे काम घोट्याच्या बाहेरचे आणि पोटरीचे स्नायू तासभर करत राहतात. स्केट उलटा धरून पात्यावर एखादे सपाट कार्ड आडवे ठेवावे आणि डोळ्यांच्या रेषेत आणून पाहावे. कार्ड पात्याशी काटकोनात असले पाहिजे. ते तिरके दिसले तर धार पुन्हा लावून घ्यावी, शक्य तर दुसऱ्या कारागिराकडून. तेवढ्याने फरक पडला नाही तर पाते बुटाच्या मध्यरेषेवर बसवलेले आहे का आणि तळाचे रिव्हेट सैल झाले आहेत का, हे दुकानात दाखवावे.

धारेच्या मधली खोबण अर्धा इंच त्रिज्येची असणे हे सर्वसाधारण प्रमाण आहे. नवशिक्या प्रौढांनी पाच-अष्टमांश इंच मागून पाहावी. खोबण उथळ असल्यामुळे पाते बर्फात कमी रुतते आणि थांबताना घोट्याला बसणारा हिसका सौम्य होतो.

## टप्पा ४: मोजे आणि आतला तळ

मोज्यांची एकच जोडी, पातळ आणि घाम शोषून कातडीपासून दूर नेणारी असावी. कॅनडाच्या थंडीला घाबरून लोकरीचे दोन मोजे चढवले की बुटातली जागा संपते, रक्तप्रवाह चेपला जातो आणि पाय उलट गारठतात. जाड सुती मोजे घामाने भिजतात आणि फोड आणतात. स्केटसोबत आलेला तळ बऱ्याचदा नावापुरता असतो. कमान सपाट असलेल्यांनी कमानीला आधार देणारा वेगळा तळ घ्यावा, पण जुना काढून मगच नवा घालावा. एकावर एक दोन तळ ठेवल्याने पाऊल वर उचलले जाते आणि टप्पा २ मधली पेन्सिलची परीक्षा नापास होते.

## टप्पा ५: नाड्या बांधणे

चेंजिंग रूममध्ये शनिवारी सकाळी पाहण्यासारखे दृश्य असते. बाप रबरी फरशीवर एक गुडघा टेकून बसलेला, मुलाचा स्केट त्याच्या दोन मांड्यांत, हातात नाडी ओढण्याचा आकडा, आणि पहिल्या छिद्रापासून शेवटच्या छिद्रापर्यंत एकाच ताकदीने चाललेली ओढाताण. सरावानंतर त्याच मुलाचा मोजा काढला तर पावलाच्या पाठीवर नाडीची जाळी खिडकीच्या तारेसारखी उमटलेली दिसते. सगळीकडे सारखा ताण, हीच चूक आहे. बुटाचे चार भाग मानावेत आणि प्रत्येकाला वेगळा ताण द्यावा.

१. नाड्या तळापर्यंत सैल कराव्यात, नुसत्या वरच्या चार जोड्या सोडून पाऊल कोंबू नये. जीभ मधोमध, सुरकुती न पडता सरळ बसवावी.

२. पाऊल आत घातल्यावर पात्याचा मागचा भाग रबरी फरशीवर दोन-तीनदा आपटावा, म्हणजे टाच तिच्या खोबणीत जाऊन बसते. ही एक गोष्ट विसरली तर पुढची सर्व मेहनत वाया जाते.

३. बोटांजवळच्या तीन जोड्या केवळ सैलपणा जाईल इतक्याच ओढाव्यात. बोटे हलवून पाहावीत, ती हललीच पाहिजेत.

४. पावलाच्या मधल्या भागात नाडी अंगाबरोबर बसावी, आवळलेली नसावी. इथून जाणाऱ्या नसा दाबल्या गेल्या की बोटांना मुंग्या येतात.

५. घोट्याच्या वळणावरच्या दोन-तीन जोड्या सर्वांत घट्ट ओढाव्यात, कारण टाच मागे धरून ठेवण्याचे काम त्या करतात. ओढताना गुडघा पुढे वाकवून नडगी जिभेवर टेकवावी.

६. सर्वांत वरच्या एक-दोन जोड्या पुन्हा किंचित सैल ठेवाव्यात. गुडघा पुढे वाकवता आला नाही तर माणूस कंबरेतून वाकतो, आणि मग पायासोबत पाठही दुखते.

इशारा: उरलेली लांब नाडी घोट्याभोवती गुंडाळून बांधू नये. तिचा दाब नेमका कंडरांवर येतो. नाडी लांब पडत असेल तर आखूड घ्यावी.

तपासणी: दहा मिनिटे बर्फावर फिरल्यावर बाकावर परत यावे आणि फक्त वळणावरच्या जोड्या पुन्हा ओढाव्यात. पहिल्यांदाच सर्व शक्ती लावण्यापेक्षा हे कितीतरी बरे. मेणाच्या नाड्या ताण धरून ठेवतात, पण लेस बाइट असलेल्यांना साध्या नाड्या अधिक मानवतात, कारण पाय हलतो तशा त्याही थोड्या सरकतात.

## टप्पा ६: बूट तापवून पायाचा आकार देणे

आजचे बहुतेक मध्यम आणि महाग स्केट दुकानातल्या खास भट्टीत साधारण ८० अंश सेल्सिअसला काही मिनिटे तापवून मऊ करता येतात. नेमके तापमान आणि वेळ मॉडेलगणिक बदलते, म्हणून घरच्या ओव्हनवर प्रयोग करू नयेत. डिंक सुटलेला स्केट परत जुळत नाही. तापवलेल्या बुटात पाऊल घालून, टाच मागे बसवून, नाड्या टप्पा ५ प्रमाणे बांधाव्यात. ओढताना मात्र वर न ओढता बाजूला ओढाव्यात, नाहीतर मऊ झालेल्या बुटातून छिद्रांच्या कड्या उपटून येतात. नंतर दहा-पंधरा मिनिटे खुर्चीवर स्थिर बसावे. या वेळात उभे राहू नये आणि चालूही नये. पुढचे २४ तास स्केट वापरू नयेत.

तापवण्याने खळगे थोडेफार जुळतात आणि दाब पसरतो, पण मापाचा नंबर बदलत नाही. लांबीला चुकलेला बूट तापवून सुधारेल ही अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे.

## टप्पा ७: सवयीचा काळ

नव्या स्केटला अंगवळणी पडण्यास काही तास द्यावे लागतात. घरी, पात्यावर कव्हर चढवून, टीव्हीसमोर बसून वीस-तीस मिनिटे असे तीन-चार दिवस ते घालावेत. बर्फावरची पहिली काही सत्रे अर्ध्या-पाऊण तासाची असावीत. नवा जोड थेट सामन्यात घालू नये, आणि ओटावाच्या रिडो कालव्यावर तर मुळीच नाही. तिथली ७.८ किलोमीटरची वाट अर्ध्यावर पाय दुखू लागल्यास परतीलाही तेवढीच उरते.

याच काळात घोट्यांचा व्यायाम सुरू करावा. एका पायावर तीस सेकंद उभे राहणे, टाचा उचलून चवड्यांवर पंधरा वेळा वर जाणे आणि भिंतीला हात टेकून पोटरी ताणणे, एवढे रोज पुरते. पोटरी आखडलेली असेल तर घोटा पुढे वाकत नाही आणि सगळा भार जिभेवर येतो.

## टप्पा ८: उरलेल्या दुखण्यावर जागेनुसार उपाय

आधीचे सात टप्पे पार पडल्यावरही एखादी जागा दुखत राहिली, तरच गादी आणि ठोकाठोकी यांचा विचार करावा.

घोट्याच्या पुढची घडी: सर्वाधिक दुखणाऱ्या उंचीवरची छिद्रांची एक जोडी वगळून नाडी पुढच्या जोडीत घालावी, म्हणजे तिथली फुली नाहीशी होते. जीभ पातळ आणि खाचा पडलेली असेल तर जाड फेल्टची नवी जीभ शिवून घ्यावी. पातळ जेलची पट्टी मोजा आणि जीभ यांच्यामध्ये ठेवता येते. सूज असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे लावून काही दिवस खेळ थांबवावा. कंडरेचे दुखणे दाबून खेळले की ते संपूर्ण मोसम पुरते.

घोट्याचे हाड किंवा चवड्याची कड: दुकानदार विशिष्ट जागी बूट आतून ताणून खळगा पाडू शकतो. मात्र जागा अचूक सांगता आली पाहिजे. हाडाच्या टोकावर लिपस्टिक किंवा ओले कुंकू लावावे, पाऊल उघडेच बुटात घालून नाड्या बांधाव्यात आणि काही पावले टाकावीत. अस्तरावर उमटलेला डाग हीच ताणण्याची जागा. माझ्या बुटात तो डाग मी अंदाजाने बोट ठेवून दाखवत होतो त्याच्या चांगला दोन सेंटिमीटर खाली निघाला.

टाचेमागचे टेंगूळ: हाडाचा उंचवटा एकदा वाढला की तो मालिशीने जिरत नाही, म्हणून घर्षण लवकर थांबवणे हाच उपाय. टाच सरकत असेल तर टप्पा ५ मधली टाच आपटण्याची पायरी आणि वळणावरचा ताण पुन्हा तपासावा, आणि त्यानंतरच बूट ताणून घ्यावा.

नेहमीची चूक: गादी थेट दुखऱ्या हाडावर चिकटवली जाते. त्याने हाडावरचा दाब आणखी वाढतो. मेदूवड्यासारखे मधोमध भोक पाडलेले फेल्ट कापावे आणि हाड त्या भोकात येईल असे बसवावे, म्हणजे दाब भोवतालच्या मऊ भागावर जातो.

फोड येणाऱ्या जागी स्केट घालण्यापूर्वीच चिकटपट्टी लावावी. खेळून आल्यावर तळ बाहेर काढून बूट पंख्याच्या वाऱ्यावर वाळवावेत. हीटरवर ठेवलेला बूट आकार सोडतो, आणि ओला बूट पुढच्या खेपेला पुन्हा फोड देतो.

## टप्पा ९: स्केट बाजूला ठेवून डॉक्टरकडे जाण्याची वेळ

नाड्या सोडल्यावर अर्ध्या तासानेही बधिरपणा जात नसेल, रात्री झोपेत दुखत असेल, किंवा हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशी नेमकी जागा दिवसेंदिवस अधिक दुखरी होत असेल, तर दोष बुटाचा आहे की हाडाला सूक्ष्म तडा गेला आहे हे घरी ठरवू नये.

पडल्यानंतर किंवा पावलावर पक (खेळातली कडक रबरी चकती) आदळल्यानंतर एक्स-रे हवा का, हे ठरवण्यासाठी ओटावातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलेले नियम आजही आपत्कालीन विभागांत वापरले जातात. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाचे टोक किंवा त्यावरच्या सहा सेंटिमीटरची मागची कड दाबल्यावर दुखते, किंवा पावलाच्या बाहेरच्या कडेवर मध्यावर जाणवणारा हाडाचा उंचवटा दुखतो, किंवा पावलाच्या आतल्या बाजूचे कमानीवरचे हाड दुखते, किंवा चार पावलेही टाकता येत नाहीत, यांपैकी काही असेल तर एक्स-रे काढावा. मात्र पायाची संवेदना आधीच कमी असलेल्यांना हे नियम लागू पडत नाहीत.

मधुमेह असलेल्यांना हे वेगळे सांगणे भाग आहे, कारण आपल्या मंडळींत तो घरोघरी आहे. पायाची जाणीव कमी झालेली असेल तर बूट चावतो आहे हे कळतच नाही. अशांनी प्रत्येक सत्रानंतर तळवे आरशात पाहावेत, फोड स्वतः फोडू नये, आणि स्केट घेण्यापूर्वीच पाय एकदा तपासून घ्यावेत.

फॅमिली डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट किंवा ऑन्टारियोत ज्यांना किरॉपोडिस्ट म्हणतात ते पायांचे तज्ज्ञ, यांपैकी कोणाकडेही जाताना दोन्ही स्केट, खेळताना घालता ते मोजे आणि टप्पा १ मधला फोटो सोबत न्यावा. नाड्या मात्र तळापर्यंत सोडून ठेवू नयेत. त्या शेवटच्या सरावात जशा बांधल्या होत्या, तशाच बांधून दाखवाव्यात.